डोंगरावरच्या चहाचं पाणी

कल्याणहून रिक्षाने पायथ्यापर्यंत जायचं आणि पुढे चालत चढायचं, अशा एका डोंगराच्या खांद्यावर एक चहाघर आहे. दगडी जोतं, दोन खोल्या, वर पत्रे. इंग्रजांच्या काळातलं आहे असं सगळे सांगतात. त्याचा कागद कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझे वडील लग्नाआधी तिथे चहा प्यायले होते आणि तेव्हाही ते जुनंच होतं, एवढं मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

या चहाघराचा एक रिवाज आहे. वर पाणी नाही. अर्ध्या वाटेवर कातळात खोदलेलं टाकं आहे, त्यात बारा महिने गार पाणी असतं. ज्याला वर चहा प्यायचा आहे त्याने टाक्यावरून आपल्यापुरतं पाणी भरून न्यायचं. पूर्वी लोक कळशी नेत, आता कॅन नेतात. दूध, साखर, पावडर आणि सरपण चहावाल्या आजींचं, पाणी तुमचं.

आमच्या मुलीने लग्न ठरवायच्या बोलण्यासाठी हीच जागा निवडली. मुलगा आणि ती एकाच ग्रुपमधून डोंगर चढायला जायची, त्यातून त्यांचं जमलं. दोघांचं पक्कं होतं, आता आईबापांनी भेटायचं होतं. मी म्हटलं, "अगं, त्यांना आपल्या घरी बोलावू. पोहे करू."

"नको बाबा. सोफ्यावर बसलात की तुम्ही सगळे गोड गोड बोलणार आणि खरं घरी आल्यावर आईला सांगणार."

हे खरं होतं.

मुलाचं घर बाळकुमचं. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. आजोबांपर्यंत भातशेती आणि खाडीकाठची मिठागरं, आता शेताच्या जागी टॉवर आणि त्यात यांचेही फ्लॅट. आम्ही मूळचे कोकणातले, राहणार डोंबिवलीत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. माझ्या डोक्यात एकच काळजी होती. मुलाच्या चुलतभावाच्या हळदीचा व्हिडिओ मुलीने मला हौसेने दाखवला होता. त्यातली डोकी मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. मैदान भरलं होतं. मला शंभर माणसांचं लग्न करायचं होतं. त्याच्या वर मला झेपणार नव्हतं आणि पटणारही नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं. सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला, तर मुलीचं जमलेलं मोडणार होतं.

आदल्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"साहेब, उद्या तुम्ही कायपण आणू नका हां. आम्ही हाय ना."

"छे छे, तुम्हीच काही आणू नका. आम्ही मुलीकडचे."

"ते काय नाय. तुम्ही रिकाम्या हातानं यायचं."

"तुम्ही यायचं रिकाम्या हाताने."

असं बराच वेळ झाल्यावर मी शेवटी "बरं" म्हटलं. मी शब्दाला शब्द धरणारा माणूस आहे. "बरं" म्हटलं म्हणजे बरं. रात्री सगळ्यांच्या सॅक वजनकाट्यावर ठेवल्या आणि पाण्याचा मोठा कॅन सॅकमधून काढून घरी ठेवला. बायको म्हणाली, "राहू दे ना तो." मी म्हटलं, "ते आणतायत. आपण नेला तर त्यांच्या शब्दावर विश्वास नाही असं होईल."

थंडीचे दिवस होते. पायथ्याला त्यांची मोठी गाडी आणि आमची रिक्षा एकाच वेळी पोचली. मुलाचे वडील आडव्या अंगाचे, हसतमुख, पायात नवेकोरे बूट. आई नाकात नथ आणि पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज अशा थाटात. माझ्या बायकोने ते बूट पाहिले, आपल्या पायातले मुलीचे दाखवले आणि दोघी तिथेच हसायला लागल्या. दोघींचेही गुडघे दुखतात हे पहिल्या चढावरच समजलं. मग त्या हात धरून मागून सावकाश येऊ लागल्या. मुलं पुढे गेली.

टाकं आलं. मुलाचे वडील थांबले नाहीत. त्यांनी गाडीतूनच भरून आणलं असणार, असं मी समजलो. मीही थांबलो नाही. मी टाक्याकडे वळूनही पाहिलं नाही, यावरून त्यांनीही तेच समजून घेतलं, हे मला नंतर कळलं. मुलांनी तर नंतर सरळ सांगितलं, "तुम्ही दोघं आणणार असंच ठरलेलं ना?"

चहाघरात पोचलो. आजी चुलीपुढे बसल्या होत्या; कशासाठी आलोय ते मुलांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. पातेलं पुढे करून म्हणाल्या, "आणा पाणी."

मी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, पाणी?"

"तुम्ही म्हणालात काही आणू नका."

"अहो, मी तर म्हटलंच होतं. पण तुम्ही पण म्हटलं ना, तुम्ही आणू नका!"

आजींनी पातेलं खाली ठेवलं. "दोन बापांना मिळून एक कॅन आणता आला नाही. लग्न काय लावणार तुम्ही?"

मुलगा कॅन मागायला उठला. त्याचे वडील म्हणाले, "बस रे तू, मी जातो." मी म्हटलं, "असं कसं, मी जातो." ते म्हणाले, "तुम्ही बसा." मी म्हटलं, "तुम्ही बसा." तेवढ्यात आजींनी दोन रिकामे कॅन आमच्यापुढे आपटले. "परत तेच! दोघंही जा."

दोघंही कॅन घेऊन टाक्याकडे उतरू लागलो. मग ते एकदम म्हणाले, "साहेब, खरं सांगू? तुम्ही मना लय कडक वाटता."

"मी कडक नाही. मी घाबरलोय."

ते थांबले. "कशाला?"

मग मी सगळं सांगितलं. हळदीचा व्हिडिओ, शंभर माणसं, झेपणं, पटणं. बोलताना नजर पायाखालच्या दगडांवरच ठेवली. टाक्यावर वाकून त्यांनी माझा कॅन आधी भरला, मग स्वतःचा. झाकण लावता लावता म्हणाले, "हळदीला आमचा गाव येणारच. एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला नाय, तर मना गल्लीतनं चालू देणार नाय कुणी. पण हळद आमची, आमच्या अंगणात, आमच्या जिवावर. लग्न तुमचं. शंभर म्हणजे शंभर."

"त्यात तुमचे पन्नास," मी म्हटलं.

"साठ द्या ना."

"पंचावन्न."

"चला!" त्यांनी ओला हात पुढे केला. मग हळू आवाजात म्हणाले, "आता माझं ऐका. घाबरलो मी पण हाय. तुमची पोरगी शिकलेली, शिस्तीतली. आमच्या घरात आरडाओरडा, सक्काळपासून मासळीचा वास. नाक मुरडून पोराला घेऊन निघून गेली तर?"

"आम्ही कोकणातले. बुधवार, शुक्रवार, रविवार आमच्याकडे मासे असतात. उरलेले दिवस ती कुरकुरते."

ते इतके मोठ्याने हसले, की वरच्या वाटेवरून मुलाने हाक मारली, "काय झालं?"

चढताना मात्र दोघांचीही हवा गेली. भरलेला कॅन किती जड असतो हे मला काट्यावर माहीत होतं, खांद्यावर नव्हतं. दर वळणावर आम्ही आळीपाळीने "तुम्ही दमलात का?" असं विचारत होतो, म्हणजे आपल्याला थांबता यावं.

वर पोचलो तर दोघी विहिणी पायरीवर बसून निवांत चहा पीत होत्या. आमच्याकडे पाहून माझी बायको म्हणाली, "आलात? आमचा दुसरा कप चाललाय."

"पाणी कुठून आलं?" मी विचारलं.

आजींनी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवलं. "पिंप भरलेलं असतं. ज्याला ओझं झेपत नाही त्याच्यासाठी. ह्यांचे गुडघे बोलतात. तुम्ही चांगले धडधाकट."

मुलगी माझ्याकडे बघत होती. हातातला कप तिने तसाच धरून ठेवला होता.

मुलाचे वडील कॅन टेकवून म्हणाले, "बोललो आम्ही. माणसंपण मोजून घेतली. व्याही लय चिकट हाय."

मुलीने चहा एका घोटात संपवला आणि तोंड भाजून घेतलं.

लग्नाला ठरली तेवढीच माणसं आली. हळदीला बाळकुमला गेलो तेव्हा मी मोजायच्या भानगडीत पडलो नाही. मैदानाच्या मधोमध मला नाचायला ओढलं होतं. आता दर थंडीत आम्ही चौघं त्या चहाघरात जातो. आदल्या दिवशी व्याह्यांचा फोन येतोच, "कायपण आणू नका हां." मीही तेच म्हणतो. मग टाक्यावर दोघंही एकमेकांना न विचारता आपापला कॅन भरतो. एकाचा चहाला लागतो, दुसरा आजी पिंपात ओततात.