साडेचार हजार पोस्टी आणि एक अनंत

बागकामाच्या एका मराठी फोरमवर मी वटवृक्ष होतो. हे नाव मी स्वतःला दिलं नव्हतं, फोरमनेच दिलं होतं. नवीन माणूस आला की त्याच्या नावाखाली 'अंकुर' असं यायचं आणि शेजारी दोन पानांचं चित्र. पन्नास पोस्टी झाल्या की 'रोप', पाचशे झाल्या की 'झाड', आणि दोन हजारांच्या पुढे गेलात की 'वटवृक्ष', पारंब्यांच्या चित्रासकट. माझ्या साडेचार हजार झाल्या होत्या. माझ्या पुढे फक्त नाशिकचे एक गृहस्थ होते, आणि त्यांच्या तब्येतीची मी जरा जास्तच आपुलकीने चौकशी करायचो.

माझी खरी बाग लालबागमध्ये, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये होती. एक तुळस, एक कोरफड आणि सरबताच्या बाटलीतला मनीप्लांट. तुळशीला बायको पाणी घालायची. कोरफडीला कुणीच घालत नसे, म्हणून ती जोमात होती.

मग साडेचार हजार पोस्टी आल्या कुठून? सांगतो. नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली होती. सकाळी चहा घेऊन सोफ्यावर बसायचो आणि रात्रभरात लोकांनी टाकलेल्या फुलांच्या फोटोंखाली लिहीत सुटायचो. 'वा! सुंदर.' 'डोळे निवले.' 'सहमत.' 'हेच म्हणतो.' कुणाचा वाढदिवस असला तर शुभेच्छा, कुणी आभार मानले तर आभारांचे आभार. अशा प्रत्येक ओळीमागे माझा आकडा एकाने वाढायचा. कुंडीत नारळाची शेंडी घालावी की घालू नये, या वादात तर माझ्या एकट्याच्या दोनशे पोस्टी असतील. मी शेंडीच्या बाजूने होतो. शेंडी मी आयुष्यात कुंडीत घातलेली नाही.

सुरुवातीला मी फक्त कौतुक करायचो. पण नावाखाली वटवृक्ष आल्यावर लोक मलाच विचारायला लागले. सदाफुली का मरगळली, लिंबाला लिंबं का धरत नाहीत. 'माहीत नाही' असं लिहायला वटवृक्षाला बरं वाटेना. मग मी दुपारी इंग्रजी वेबसाइटी वाचायचो आणि संध्याकाळी 'माझ्या अनुभवानुसार' अशी सुरुवात करून उत्तर लिहायचो. बायको जाता-येता मोबाइलमध्ये डोकावून विचारायची, "कुठला अनुभव? आपल्याकडे लिंबू कधी होतं?" मी म्हणायचो, तुला फोरममधलं कळत नाही.

अशात एक दिवस गिरगावातल्या एका बाईंनी धागा काढला. त्यांच्या नावाखाली दोन पोस्टी, म्हणजे अगदी कोवळा अंकुर. सासूबाईंचं पत्र्याच्या डब्यात लावलेलं अनंताचं झाड पिवळं पडतंय, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यात, कळ्या येतात आणि न उमलता गळतात. सासूबाई आंब्यांसाठी गावाला, देवगडकडे गेल्यात, पावसाच्या आत परत येतील. 'या घरात येऊन मला सहा वर्षं झाली,' त्यांनी लिहिलं होतं. 'कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या, स्वयंपाकघर मिळालं, पण या झाडाला पाणी घालायची परवानगी मला पहिल्यांदा मिळाली आहे. प्लीज सांगा.'

वाचून मला खरंच कळवळा आला. मी लगेच वाचायला बसलो. अनंताला आंबट माती लागते, वापरलेली चहापत्ती घातली की माती आंबट होते, असं एका परदेशी बागवाल्याने लिहिलं होतं. मी ते मराठीत, ऐटीत उतरवलं. 'माझ्या अनुभवानुसार अनंताला रोज चहाचा चोथा घालावा. निःसंकोच घालावा.' निःसंकोच हा शब्द माझा. मूळ लेखात तो नव्हता.

माझ्याखाली दहा मिनिटांत आणखी एकाचं उत्तर आलं. नावाखाली नऊ पोस्टी. 'दूध-साखरेच्या चहाचा चोथा नको. घालायचाच तर तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, चिमूटभर. खरं तर सध्या काहीच घालू नका, डबा दुपारच्या उन्हातून बाजूला सरकवा.' बस, एवढंच. ना नमस्कार, ना फूल.

मला राग आला. उत्तर चूक वाटलं म्हणून नाही, ते मी नीट वाचलंच नव्हतं. नऊ पोस्टींचा माणूस साडेचार हजारांच्या खाली येऊन 'नको' लिहितो, याचा राग आला. मी लिहिलं, 'नवीन सदस्यांनी मत देण्यापूर्वी फोरमवरचे जुने धागे वाचावेत, ही नम्र विनंती.' जुने धागे म्हणजे बरेचसे मीच. नाशिकच्या गृहस्थांनी खाली 'सहमत' लिहिलं, आणखी पाच-सहा जणांनी 'हेच म्हणतो'. नऊ पोस्टीवाला पुन्हा काही बोलला नाही. बाईंनी लिहिलं, 'सर, तुमचे खूप आभार. आजपासूनच सुरू करते.'

तीन आठवड्यांनी त्यांचा मला खासगी निरोप आला. 'सर, झाड खूप वाईट झालंय. तुम्ही लालबागचे आहात असं तुमच्या माहितीत वाचलं. एकदा येऊन बघाल का? सासूबाई येत्या रविवारी येणार आहेत.'

आता आली का पंचाईत? जाऊ नये, तापबिप आल्याचं कळवावं, असं मी बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "साडेचार हजार वेळा बोललायस ना? आता एकदा जा." मी बसने गिरगावात गेलो.

जुनी इमारत, तिसरा मजला, लांबलचक लाकडी गॅलरी. टोकाला तेलाच्या पत्र्याच्या डब्यात अनंत. फोरमवर 'पाने गळणे' हे शब्द मी शेकडो वेळा टाइप केले असतील, पण गळलेलं झाड इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. फांद्यांवर पाच-सहा पानं, काड्यांच्या बेचक्यांत पांढरा कापसासारखा किडा, बुंध्यावर मुंग्यांची रांग, आणि डब्यातून आंबूस वास. मातीवर तपकिरी थर होता, त्यात आल्याचे तुकडे आणि वेलचीची सालं दिसत होती.

"तुम्ही सांगितलंत तसं रोज घातला, सर," बाई म्हणाल्या. बँकेतून अर्धी रजा काढून थांबल्या होत्या. "एक दिवस चुकवला नाही. आमच्या दोघांच्या चहाचा चोथा कमी पडायला लागला, तर मी शेजाऱ्यांना बोलवून बोलवून चहा पाजला. पोस्टमनला पण पाजला."

मी हबकलो. परदेशातला तो बागवाला चहा नुसत्या पाण्यात करतो, दूध घेतलंच तर कपात वरून घेतो. आमच्याकडे पत्ती, दूध, साखर, आलं सगळं एकाच पातेल्यात उकळतं. त्याच पातेल्यातला चोथा बाईंनी एकवीस दिवस अनंताच्या मुळाशी घातला होता. मला हे कळायला हवं होतं, पण चहा मी जन्मात केलेला नाही, फक्त प्यायलेला आहे. घरी येऊन सांगितल्यावर बायको हसली नाही, यातच सगळं आलं. ती एवढंच म्हणाली, "चोथ्याला मुंग्या लागतात हे कळायला ओट्याशी उभं राहावं लागतं."

त्या दिवशी दुपारी मी फोरमवर लिहिलं, की माझा सल्ला चुकीचा होता, अनंत मी कधी लावलेला नाही, आणि नऊ पोस्टीवाल्या सदस्यांचं बरोबर होतं. लिहिताना कान गरम झाले होते. आता पारंब्या काढून घेतील, असं वाटत होतं. झालं भलतंच. 'केवढं मोठं मन!' 'असा विनय आजकाल दिसत नाही.' 'म्हणूनच तुम्ही वटवृक्ष आहात.' संध्याकाळपर्यंत साठेक लोकांनी कौतुक केलं, मी सवयीने प्रत्येकाचे आभार मानले, आणि माझा आकडा आणखी साठने वाढला. झाडाचं काय करायचं, हे त्या साठांतल्या एकानेही सांगितलं नाही.

मग मी नऊ पोस्टीवाल्याचं जुनं लिखाण उघडलं. दोन वर्षांत नऊ. नऊच्या नऊ कुणाच्या तरी आजारी झाडाबद्दल. एकात 'वा' नाही, एकात 'सहमत' नाही. आणि नऊपैकी सात धाग्यांमध्ये नंतर त्या-त्या माणसाने लिहिलं होतं, झाड जगलं. मी खासगीत त्यांची माफी मागून त्यांच्याकडे मदत मागितली. 'मी म्हटलं होतं ना' असं काहीतरी येणार, याची तयारी ठेवली होती. उत्तर आलं ते धाग्यावरच, त्यांची दहावी पोस्ट. 'झाड डब्यातून काढा. मुळं साध्या पाण्याने धुवा. एक जरी मूळ पांढरं असलं तर जगेल. काळी सगळी कापा. नवी माती, सावली, खत बंद. किडा ओल्या फडक्याने पुसा.'

शनिवारी सकाळी दादरहून मातीची पिशवी घेऊन मी पुन्हा गिरगावात हजर झालो. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली. बाईंनी डबा आडवा धरला, मी झाड ओढलं. आम्ही दोघं उकिडवे बसून मुळं धूत होतो आणि पांढरं काही दिसतंय का, ते बघत होतो. सगळं काळं. मग बुंध्याच्या आत, एका बाजूला, शेवयांएवढी तीन मुळं निघाली. पांढरी. "सर, ही बघा, ही बघा!" बाई ओरडल्या. मला गहिवरून आलं, हे कबूल करतो.

नेमक्या त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. वर आला तो आधी आंब्याची पेटी डोक्यावर घेतलेला हमाल, आणि त्याच्यामागून सासूबाई. रविवारऐवजी शनिवारीच आल्या होत्या. त्यांनी वर्तमानपत्रावर झोपलेलं आपलं झाड पाहिलं, सुनेला पाहिलं, आणि कोपरापर्यंत चिखलात असलेला एक परका माणूस पाहिला.

"हे कोण गो?" त्यांनी विचारलं.

"हे फोरमवरचे सर आहेत, आई. झाडांमधले मोठे जाणकार आहेत," सून म्हणाली. एवढं झाल्यावरही ती मला सांभाळून घेत होती.

मला ते सहन झालं नाही. म्हटलं, "नाही हो. जाणकार वगैरे काही नाही. हिची काही चूक नाही. चहाचा चोथा घालायला मी सांगितलं. अनंत मी कधी लावलेला नाही. त्याचं फूलसुद्धा जवळून पाहिलेलं नाही."

सासूबाई खाली बसल्या. तीन पांढरी मुळं त्यांनी बोटाने उचलून बघितली. मग मला म्हणाल्या, "मग हिने ऐकलं कशाला तुमचं?"

"माझ्या नावाखाली आकडा मोठा होता."

"कसला आकडा?"

"मी किती वेळा बोललो, त्याचा."

त्यांनी मुळं खाली ठेवली. "म्हणजे जो जास्त बोलतो तो हुशार? मग आमचे हे कलेक्टर व्हायला हवे होते." आणि हसल्या. सुनेला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रडतेस काय? माझ्या हातून दोन मेलेत. हा तिसरा. सांगितलं नव्हतं तुला, एवढंच. माती दे इकडे."

तिघांनी मिळून झाड लावलं. जाताना त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हटलं.

त्यानंतर मी फोरमवर जाणं कमी केलं, सोडलं मात्र नाही, खोटं कशाला बोलू. कुणी काही विचारलं तर लिहितो, 'मला माहीत नाही, पण नऊ पोस्टीवाल्यांना विचारा.' ते आता चौदावर आहेत. माझी ही 'माहीत नाही'सुद्धा फोरम मोजतो. नाशिकचे गृहस्थ मागे पडले.

पुढच्या वर्षी वैशाखात बाईंनी धाग्यावर फोटो टाकला. गर्द हिरवी पानं आणि एक पूर्ण उमललेलं पांढरं फूल. त्याखाली 'वा! सुंदर'च्या रांगा लागल्या. माझाही अंगठा त्याच दोन शब्दांकडे वळला होता, तेवढ्यात मोबाइलवर निरोप आला. 'आई म्हणतायत, सरांना म्हणावं आत्ता या.'

गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. सासूबाई आंघोळ करून पूजेच्या तयारीत होत्या, सून डब्यापाशी उभी होती. झाडावर ते एकच फूल. मी लांबूनच हात जोडले. सासूबाईंनी फूल खुडलं आणि माझ्यापुढे धरलं. "हुंगा."

मी मागे सरकलो. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, एवढं तरी मला ठाऊक होतं. "अहो, पहिलं फूल आहे. देवाला?"

"देवाला ठाऊक आहे अनंताचा वास," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही."

मी फूल घेतलं आणि हुंगलं. फोरमवर अनंताच्या 'मंद सुवासा'बद्दल मी निदान वीस जणांना लिहिलं असेल. मंद कसला! एका श्वासात थेट टाळूपर्यंत गेला. मी बराच वेळ मान खालीच ठेवली. दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्या वीस पोस्टींची लाज वाटत होती.