ग्लासातली गोळी

पाण्याचा ग्लास समोर आला की आमचे शेजारी तो आधी पीत नसत. खिशातून कणकेची गोळी काढून त्यात सोडत आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकून बघत बसत. गोळी तरंगली की शिशाचा एक कण तिच्या पोटात दाबायचा. दगडासारखी बुडाली की नखाने शिसं थोडं काढायचं. पुन्हा ग्लासात. समोरचा काही बोलायला गेला की हात वर.

"थांब मरे. तिचा ठरांदे."

घाटकोपर स्टेशनसमोरच्या उडप्याकडचा वेटर त्यांना पाणीच द्यायचा नाही. "काका, पहले चाय पियो. मच्छी बाद में."

हे मालवणकडचे. बायको गावी, हे इथे एकटे, आमच्याच मजल्यावर. नोकरी वीज कंपनीत, मीटर खात्यात. मोडीत निघालेल्या मीटरची शिशाची सिलं त्यांच्या खिशात खुळखुळत असायची. ऐंशीच्या दशकात अशी एकेका वेडाची माणसं प्रत्येक इमारतीत असत. तुमच्याही शेजारी एखादा असेल. आमच्या काकांचं वेड पवईच्या तलावातले रोहू आणि मृगळ मासे.

ग्लासाचं कारण त्यांनी मला, मी त्यांच्याबरोबर तलावावर गेलो त्या पहिल्याच रविवारी सांगितलं. तळाशी चिखल आणि शेवाळ. साधी गोळी त्यात रुतते, माशाला दिसत नाही. म्हणून हे गोळीत थर्माकोलचा मणी घालत. पण मग ती गळासकट थेट वर यायला बघते. त्यासाठी शिसं, पण बेताचं. गोळी अलगद उतरून शेवाळावर नुसती टेकायला हवी.

"मासो तोंड उघडून पाणी आत ओढता. त्या पाण्याबरोबर ती जाऊक व्हयी. जड लागली तर तेका संशय येता."

मी ऐकत होतो खरा, पण डोळे पाण्यावर होते. पवईत मगरी आहेत हे मला ठाऊक होतं. मी जात्याच भित्रा. काठाजवळचं लाकूड जरा हललं की मी दोन पावलं मागे.

"घाबरतंस कित्याक? मगर आसा. पण ती पण चाकरमानीच, रविवारची झोपता," असं म्हणून ते माझ्या आणि पाण्याच्या मधे येऊन बसले. त्यानंतर दर रविवारी तिथेच बसायचे. त्याबद्दल कधी चेष्टा केली नाही, कुणाला सांगितलंही नाही.

गोळ्या बहुतेक आमच्याच घरी वळल्या जात, कारण आमच्या बाहेरच्या खोलीत उजेड चांगला. कणीक, बेसन, गूळ, वर वेलची. वास असा सुटायचा की हिने एकदा विचारलं, "काका, लाडू करताय का?"

"वैनी, माशांका पण पाहुणचार लागता."

आमची मुलगी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. तिच्या भीतीने काका डब्याचं झाकण सुतळीने बांधून कपाटावर ठेवत. त्या बाबतीत ते फार कडक होते. "पोटात शिसा आसा तेंच्या," एवढंच म्हणत.

त्या शनिवारी दुपारी ही आत निजली होती. मुलगी माझ्याजवळ खेळत होती. चटईवर डबा, शेजारी ग्लास, ग्लासात गळाला लावलेली एक गोळी बघायला सोडलेली. थर्माकोल संपलं म्हणून काका खाली निघाले. दारातून वळून म्हणाले, "डबो बांध आणि वर ठेव. पोर आसा."

"हो, हो," मी म्हणालो.

तेवढ्यात समोरच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. टीव्हीवर मॅच चालू होती. कोण आउट झालं ते बघून येतो म्हणून मी उठलो. डबा उघडाच राहिला. मुलगी तिथेच बसलेली. मी एका ओव्हरसाठी गेलो आणि बरंच बसलो.

परत आलो तर ती डब्याशी बसून हसत होती. गाल फुगलेले. हनुवटीवर थर्माकोलचे पांढरे कण. मी तिच्या तोंडात बोट घातलं, होतं ते काढलं. काही आधीच आत गेलं होतं.

जिना चढून काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पाहिलं ते ग्लासाकडे. ग्लास आडवा पडला होता. पाणी सांडलं होतं. गोळी नव्हती.

"गळ," ते म्हणाले. "गळ होतो तिका."

ते गुडघ्यांवर बसून ओल्या फरशीवरून तळहात फिरवू लागले. माझ्या कानात काहीच शिरेना. ती रडत नव्हती, हसत होती, आणि तिच्या हसण्याचीच मला भीती वाटत होती. गळ तिच्या आत कुठे अडकला असेल ते मला दिसत होतं. ही आतून धावत आली, आमचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता पोरीला उचलून जिन्याकडे पळाली.

इस्पितळात पोरीला एक्स-रेला आत नेलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर. हिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"डबा उघडा कोणी ठेवला?"

मी जमिनीकडे पाहिलं. मग म्हणालो, "डबा काकांचा आहे."

एवढंच. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

काकांनी मान वळवली. कोपरं गुडघ्यांवर टेकलेली. ग्लासाकडे बघायचे तसे ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. नुसते थांबले होते. मी अजून काही बोलेन, म्हणून. मी नाही बोललो. मग ते समोरच्या भिंतीकडे बघायला लागले.

"तुमचा छंद तुमच्यापाशी ठेवा," ही त्यांना म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"नाय टाकणार, वैनी," ते म्हणाले.

एक्स-रेत ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. शिशाचा कण. गळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, पडून जाईल. आम्ही वाट बघितली. तो पडला. गळ घरीच, चटईच्या काठात रुतलेला सापडला. मुलीला काही झालं नाही, हे इथेच सांगून टाकतो.

माझी भीती मात्र गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आता मला काकांच्या दाराच्या कडीची भीती वाटायची. जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी वरच्या मजल्यावर जाऊन उभा राहायचो. आज सांगतील, उद्या सांगतील. इमारतीतल्या बायका आपापल्या पोरांना त्यांच्या दारासमोरून ओढून नेत होत्या, तेव्हाही ते बोलले नाहीत. गळाच्या काठ्या माळ्यावर गेल्या.

एकदा उडप्याकडे ते मला लांबून दिसले. वेटरने पाणी आणून ठेवलं. काकांनी ग्लास उचलला आणि सरळ पिऊन टाकला. वेटर जरा वेळ तिथेच उभा राहिला. "काका, गोली?" त्यांनी नुसता हात हलवला. मी आत न जाता परत फिरलो.

ते रिटायर झाले आणि गावी निघाले त्या दिवशी खाली टेम्पो उभा होता. आमची बेल वाजली. हिने दार उघडलं. मी आतल्या पडद्याआड.

"वैनी, वायच पाणी देतास? माझी भांडी बांधून झाली."

हिने पाणी आणून उंबऱ्याच्या आतूनच हात लांब करून दिलं. 'या' म्हणाली नाही. काकांनी ग्लास उजेडाकडे धरला आणि क्षणभर आत बघितलं. सवय. मग प्याले. शाळेच्या कपड्यातली मुलगी आईच्या मागून डोकावली.

"मोठी झाली," ते म्हणाले आणि जिना उतरले.

दोनेक वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मला हायसं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण ते खरं आहे.

परवा मुलगी तिच्या लेकीला घेऊन आली होती. नात रांगते. जमिनीवर बटणांची डबी दिसताच ही ओरडली, "उचला ती! शेजारच्या त्या म्हाताऱ्यासारखं उघडं टाकू नका काही."

मी बोलेन म्हणून माझ्याकडे बघत थांबणारं आता कुणी नव्हतं.

"तो डबा मी उघडा टाकला होता," मी म्हणालो. "मॅच बघायला गेलो होतो. काका बांधून ठेव म्हणून सांगून गेले होते."

मी तिच्या रागाची वाट बघत होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती डबी हातात घेऊन खाली बसली आणि बराच वेळ दाराकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "मी त्यांना पाणी दाराबाहेर दिलं."