मेजरांचं ‘सिन्स’

इंग्रज जाताना इंग्रजी कुणाच्या भरवशावर ठेवून गेला असेल, तर ती आमच्या आष्ट्यातल्या शेजारच्या मेजरांच्याच. पलटणीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले, पण गल्लीनं त्यांना परस्पर मेजर करून टाकलं होतं. मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेली आम्ही चार पोरं संध्याकाळी त्यांच्या सोप्यात बसायचो. त्यांचा सगळा जीव ‘सिन्स’ या एका शब्दात. कधीपासून ते सांगितल्याशिवाय माणसानं इंग्रजीत तोंडच उघडू नये, असं त्यांचं मत. काकूंनी चहा गार झाला म्हटलं तरी विचारायचे, "सिन्स कवा?" वर नियम असा, की इंग्रजीतनं खोटं बोलायचं नाही. मी एकदा ऐटीत म्हणालो, "आय हॅव बीन हंग्री सिन्स मॉर्निंग." मेजर म्हणाले, "दुपारी जेवलास न्हवं? मग उद्या सकाळपासनं उपाशी ऱ्हा, आन् सांजच्याला हेच वाक्य म्हण." दुसऱ्या दिवशी खरंच उपाशी गेलो. वाक्य असं काही कळवळून निघालं, की काकू भाकरी घेऊन धावत आल्या. मेजर खूश. "बघ! ह्येला म्हणत्यात इंग्रजी!"

मी दोनदा नापास झालेलो. ऑक्टोबरला तिसरी खेप. "आता गेलास तर कुपवाडच्या कारखान्यात लेथवर उभा करतो," असं वडिलांनी बजावलेलं. आणि नेमकी तेव्हाच मला गणपतीत नक्कल करायची खाज सुटली. मिशा लावून, छाती काढून, "सिन्स कवा रं?" करत स्टेजवर फिरलो. गल्ली हसून लोळली. मग दिसलं, पुढच्याच खुर्चीवर मेजर. एकटे तेच हसत नव्हते.

चार दिवस तोंड लपवलं. पाचव्या दिवशी तेच घरी आले. वडिलांनी आधी माझा कान धरला, मग म्हणाले, "चुकलं मेजर, पोरगं लय वात्रट हाय."

"आवं, सोडा त्येला," मेजर म्हणाले. "मी तवा हसलो न्हाई, कारण चुका धुंडत हुतो. एक गावली न्हाई. येवढं ध्यान दिऊन माझी बायकूबी माझं ऐकत न्हाई." मग माझ्याकडं वळले. "पेपरात माझीच नक्कल कर. मी काय म्हणलो असतो, त्येच लिव. आन् उद्या येळेवर ये."

तशीच केली. तीन तास डोक्यात मेजर बोलत होते आणि मी उतरवून घेत होतो. पास झालो.

आता सांगलीत एका हापिसात इंग्रजी पत्रं लिहितो आणि मधल्या सुट्टीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करतो. मेजर मागच्या वर्षी साताऱ्याला लेकीकडं राहायला गेले. गावी गेलो की गल्लीतली पोरं म्हणतात, "मेजर करून दाखव की!" छाती काढून उभा राहतो, आवाजही अगदी त्यांचाच येतो, पण मधेच नजर त्यांच्या रिकाम्या सोप्याकडं जाते, पुढचं वाक्य तसंच राहतं, आणि पोरांना वाटतं, नक्कल फसली.