दंडावरचे चार वण

पटावर सतरा मुली होत्या आणि समोर दोनच बसल्या होत्या. मी रजिस्टर उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बाकीच्या कुठं आहेत?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली थोरली गंगू म्हणाली, "बाई, परवा देवीचा डाक्तर येनार हाय न्हवं? तो दंडावर तुमचा क्रूस काढतोय म्हनं. मग आमी बाटनार."

"कोण म्हणालं असं?"

"समदं गावच म्हनतंय."

"मग तुम्ही दोघी कशा आलात?"

"आई वावरात गेलीया. तिला ठावं न्हाई आमी आलोय ते."

तेव्हा मी वीस वर्षांची होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि लोकल बोर्डानं मला आंदर मावळातल्या एका गावात मुलींच्या शाळेवर नेमलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरांतली माणसं अजून तिथं आहेत. मुलांची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. मी ख्रिस्ती, त्यामुळे देवळात बसायचा प्रश्नच नव्हता. पाटलांनी त्यांच्या गोठ्याला लागून असलेली पडवी दिली होती. मी शिकवायचे आणि भिंतीपलीकडे म्हशी रवंथ करायच्या.

माझे वडील लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते. आमच्या घरी रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना व्हायची. गावात मी ती एकटीनं करायचे, दार लोटून आणि हळू आवाजात. शाळेत धर्माचा एक शब्दही काढायचा नाही, असं मला सुपरवायझरनी बजावलं होतं आणि मीही ते कसोशीनं पाळत होते. महिन्यातून एका रविवारी चार तास चालून स्टेशन गाठायचं, तिथून गाडीनं लोणावळा, चर्चमध्ये उपासना, आईच्या हातचं जेवण आणि सोमवारी पहाटे परत. पाण्याचा माझा हंडा वेगळा होता. विहिरीवर मी स्वतः पाणी काढायचं नाही, बायका वरून ओतायच्या. त्याचं मला वाईट वाटायचं, पण पोरी वाचायला शिकत होत्या आणि मला तेवढं पुरेसं होतं.

आता देवीच्या डॉक्टरांविषयी सांगायला हवं, कारण हल्लीच्या वाचकांना ते ठाऊक नसेल. देवी म्हणजे अंगभर फोड येणारा रोग. त्यात मूल जायचं, नाहीतर आंधळं व्हायचं, फार तर तोंडावर व्रण घेऊन वाचायचं. तो होऊ नये म्हणून लस टोचण्यालाही लोक 'देवी काढणं' असंच म्हणत. सरकारी व्हॅक्सिनेटर गावोगाव फिरायचा. दंडावर चार जागी लसीचा थेंब लावायचा आणि त्यावर सुईच्या टोकानं उभे-आडवे ओरखडे काढायचा. आठवडाभरानं तिथं फोड यायचा, त्याला 'देवी उठली' म्हणायचे. पुढे खपली धरायची, ती पडायची आणि वण राहायचा.

उभा ओरखडा आणि आडवा ओरखडा. एवढ्यावरून कुणाच्या तरी मनात क्रूस आला आणि गावात ख्रिस्ती बाई आयतीच होती.

नदीपलीकडच्या गावात साथ पोचली होती. तिथली पोरं गेल्याच्या बातम्या येत होत्या. म्हणजे आमच्या हातात फार दिवस नव्हते.

व्हॅक्सिनेटर एक दिवस आधीच, दुसऱ्याच दिवशी आले. आपटे त्यांचं नाव. पन्नाशीचे, सडपातळ, उन्हानं रापलेले. पडवीत येऊन बाकावर बसले आणि त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"बाई, तुम्ही आठ दिवस लोणावळ्याला जाऊन या."

"का?"

"तुमच्यामुळे पंचाईत झाली आहे. तुमचा दोष नाही, पण झाली आहे. तुम्ही नसलात तर मी लोकांना समजावीन. रजेचं मी सुपरवायझरांशी बोलतो."

खरं सांगायचं तर मला जावंसं वाटलं. घर, आई, आणि ह्या सगळ्यातून सुटका. पण जाऊन परत आले तर लोक काय म्हणतील, हेही दिसत होतं. चोरी अंगाशी आली म्हणून पळाली. मग शाळा कायमची गेली. आणि आपट्यांचं कुणी ऐकलं नाही तर पोरी गेल्या.

"मी जाणार नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "आपण पाटलांकडे जाऊ. दोघंही."

पाटलांना सगळे आबा म्हणत. ओट्यावर घोंगडीवर बसले होते. आत उंबऱ्याशी त्यांच्या आई बसल्या होत्या, कान देऊन. आबांची नात यमुना माझ्याच वर्गात होती.

आबांनी आपट्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग ते माझ्याकडे वळले.

"बाई, सरळ इचारतो. ह्यात तुमच्या धर्माचं काय हाय का?"

"काही नाही, आबा."

"भैरोबाची शपथ घेता?"

भैरोबाची शपथ मला घेता येत नव्हती. नुसतं तोंडानं म्हणून टाकायचं, असंही मला जमण्यासारखं नव्हतं.

"आबा, आम्हाला शपथ घ्यायला मनाई आहे. भैरोबाची नाही, आमच्या देवाचीही नाही. मी म्हणते ते खरं आहे, एवढंच मी सांगू शकते."

"म्हंजी शपथ न्हाई," आतून म्हातारी म्हणाली.

मग एक कल्पना सुचली आणि ती फार वाईट निघाली. मी झंपरची बाही वर सारली आणि दंड पुढे केला. "हे बघा, आजी. मी लहान असताना लोणावळ्याला माझ्याही देवी काढल्या होत्या. मला काही झालं नाही."

दंडावर चार वण होते. म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बग रं! मी काय सांगत व्हते? हिच्या दंडावर हाय! किरिस्तावाचीच खूण हाय ती!"

ओट्याभोवती जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. मी बाही खाली ओढली. आपलं सांगणं आपणच बुडवलं, एवढंच मला कळत होतं.

तेव्हा आपटे उठले. त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला, सदरा काढला आणि उघड्या अंगानं उभे राहिले. खांद्यावर जानवं होतं आणि दंडावर चार वण.

"आजी, मी रोज संध्या करतो," ते म्हणाले. "मी बाटलोय का?"

आबा हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"घाला सदरा, भाऊ. थंडी हाय." आणि मग माझ्याकडे बघून, हसू पुसून, "आमची यमी पयली बसंल. पन एक सांगतो. खपली पडंस्तवर तुमी गाव सोडायचं न्हाई. पोरीला काय झालं तर तुमी हितं पायजे."

"मी इथंच आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पडवीत देवी काढल्या. यमुना पहिली. ती रडली नाही, माझा पदर मात्र घट्ट धरून ठेवला. ती बसली म्हणून बाकीच्या आल्या. शेवटी एकच नाव उरलं, बायडी. वरच्या माळावरच्या धनगरवस्तीतली मुलगी, तास-दीड तासाच्या चढणीवरची.

"बायडीच्या बापाला कुणी सांगितलं का?" मी विचारलं.

"तो न्हाई म्हनतोय," कुणीतरी म्हणालं. "तिकडं जाऊ नका बाई, कुत्री सोडतो."

आपट्यांना पुढच्या गावी पोचायचं होतं. मी थकले होते. यादीत तिच्या नावापुढे 'पालक नाकबूल' असं लिहिलं आणि यादी त्यांच्या हातात दिली.

आठ दिवस नीट गेले. मुलींना थोडी कणकण आली, फोड उठले. आपट्यांनी सांगून ठेवलं होतं तसंच. नवव्या दिवशी यमुना शाळेत आली नाही. मी पाटलांकडे गेले तर म्हातारी उंबऱ्यातच उभी होती.

"आत येऊ नगंस. पोरगी तापानं फनफनलीया. तुजं समादान झालं का?"

दारातून मला यमुना दिसली. दंड कोपरापर्यंत सुजून लाल झाला होता. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. हे नेहमीचं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. पण काय झालंय ते कळत नव्हतं. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला आरोग्यशास्त्राचं एक पातळ पुस्तक होतं. त्यात ह्यावर एक ओळही नव्हती.

आबांनी आपट्यांच्या मागे माणूस पाठवला. मी ओट्याच्या पायरीवर बसले. शाळा बंदच होती. ज्यांच्या मुली टोचलेल्या, त्या बाया येऊन माझ्याकडे बघून जात होत्या. कुणी शिव्या देत नव्हतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते. प्रभू, हिला वाचव. पुन्हापुन्हा तेच. आणि दुपारी केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी हिच्यासाठी मागते आहे की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही. ही गेली तर माझी नोकरी जाईल, वडिलांची मान खाली जाईल, पुन्हा कुठल्याही गावात ख्रिस्ती बाईला शाळा मिळणार नाही. हे सगळं त्या एका वाक्याच्या मागे उभं होतं. मला स्वतःची लाज वाटली. मग मी काहीच मागितलं नाही, नुसती बसून राहिले. संध्याकाळी यमुनाची आई बाहेर आली, वरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं आणि आत गेली.

आपटे दुसऱ्या दिवशी दुपारी आले, तेरा मैल चालून. आत जाऊन त्यांनी दंड पाहिला, वास घेतला आणि बाहेर येऊन विचारलं, "फोडावर काय लावलंत?"

म्हातारी हळूच म्हणाली, "राख. आन् वाईच शेन. आग व्हत व्हती पोरीला."

आपटे रागावले नाहीत. पाणी उकळायला लावलं, जखम धुतली, आतला पू काढला, स्वच्छ फडकं बांधलं. दोन दिवस त्यांनी पाटलांच्या ओट्यावर मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि यमुनानं भाकरी मागितली. म्हातारी बाहेर आली. मी पायरीवरच होते.

"हितं काय बसलीस?" ती म्हणाली. "जा, शाळा उगड."

महिन्याभरात साथ आमच्या गावात आली. टोचलेल्या सोळा जणींपैकी एकीलाही देवी आल्या नाहीत. बोर्डाच्या साहेबांनी रिपोर्टात माझ्याविषयी चांगलं लिहिलं. लोणावळ्याला वडिलांनी तो कागद पास्टरसाहेबांना दाखवला.

बायडीला मात्र देवी आल्या. मला कळलं तेव्हा ती उठून बसायला लागली होती. मी माळावर गेले. कुत्री भुंकली, तिच्या बापानं त्यांना दटावून गप्प केलं आणि मला बसायला घोंगडी टाकली. बायडी जगली होती. उजवा डोळा पांढरा झाला होता.

"तुम्ही नाही म्हणालात असं मला सांगितलं होतं," मी म्हणाले.

"आमाला कुनी इचारलंच न्हाई, बाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "खालून कुनी आलं न्हाई. देवी काडतायत ते कळलं, तवा म्हनलं बाई येतीलच सांगायला. ही दोन दीस वाट बगत व्हती."

कुणी खोटं बोललं होतं की कुणाचा गैरसमज झाला होता, ते मी कधी शोधून काढलं नाही. त्यानं फरक पडत नव्हता. चार दिवस मी यमुनासाठी घाबरले, कारण तिच्याकडे सगळं गाव बघत होतं. बायडीकडे कुणी बघत नव्हतं, म्हणून मीही बघितलं नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये पास्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी उभी राहून बायडीचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

बायडी पुढच्या वर्षी पुन्हा शाळेत आली. उजव्या बाजूला बसवली की तिला फळा नीट दिसायचा. चौथीपर्यंत शिकली. मी नंतर तेहेतीस वर्षं नोकरी केली, बऱ्याच गावांत. अमक्याचा नकार आहे, असं मला कुणी सांगितलं की मी चप्पल घालायचे आणि त्याच्या घरी जायचे. निम्म्या घरांत तरी नकार नसायचा.