डाव्या हाताचं ऑम्लेट

सुतारकामात मिस्त्रींचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. दार फुगलं, खिडकी अडली, की लोक त्यांच्याकडे धावायचे. बासष्टाव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तो उजवा हातच गेला. पाय सावरला. जीभ तर दवाखान्यातच पूर्ववत चालू झाली. हात मात्र लोंबत राहिला.

बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. सकाळी नुसत्या चहावर निघायची आणि दुपारपर्यंत उभी. एके दिवशी घाईघाईत तिनं पावाचे बारीक तुकडे करून त्यांच्यापुढे ठेवले, अगदी तान्ह्या पोरासमोर ठेवावेत तसे.

मिस्त्रींनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "उद्यापासून सकाळचं खाणं मी करणार. दोघांचं. भाजी भरलेलं, पोटभर ऑम्लेट."

"अहो, दोन्ही हात धड होते तेव्हा कधी चहा उकळला नाहीत!"

"तेव्हा वेळ नव्हता."

दुसऱ्या दिवशी कांदा सुरीखालून निसटून थेट कपाटाखाली गेला. अंडी फेटायला घेतली तर वाडगं ओटाभर पळत सुटलं. सहा अंडी गेली आणि तव्यावर उरला तो कोळसा. बायको मदतीला उठली, तसे मिस्त्री गरजले, "पाऊल पुढे टाकलंस तर बघ!" ती बिचारी चहा पिऊन कामावर गेली.

मिस्त्री मात्र तडक मागच्या खोलीत गेले. पाच महिने त्यांनी त्या खोलीचं तोंड पाहिलं नव्हतं. हत्यारांवर धूळ साचली होती. त्यांनी एक फळी शिकंज्यात आवळली. खिळा उभा राहावा म्हणून पुठ्ठ्यात खोचला, पुठ्ठ्यावर निर्जीव हात वजनासारखा ठेवला आणि डाव्या हातानं हातोडी उचलली. पहिला घाव चुकला, दुसराही चुकला. असे तीन खिळे फळीतून आरपार जायला दुपार झाली.

आता कांदा त्या टोकांवर खोचला की जागचा हलत नव्हता. वाडग्याखाली ओलं फडकं आलं. तव्याचा दांडा अडकवायला त्यांनी खाच पाडलेला एक ठोकळा केला. तरी रोज काहीतरी बिनसायचंच. कधी टरफल दाताखाली यायचं, कधी बटाटा कच्चा राहायचा. बायको मुकाट्यानं खायची आणि म्हणायची, "छान झालंय हो."

आठव्या दिवशी ते पहाटेच उठले. कांदा, ढोबळी मिरची, मशरूम आणि उकडलेला बटाटा लालसर परतून बाजूला काढला. चार अंडी फेटून तव्यात ओतली. कडा सुटायला लागल्यावर अर्ध्या भागावर भाजी पसरली, वर चीज घातलं आणि झाकण ठेवलं. दुमडायला लाकडातल्या भेगा बुजवायची पत्र्याची नवी कोरी पट्टी घेतली, ऑम्लेटखाली सरकवली आणि पालथी केली. ऑम्लेट मधोमध उसवलं, थोडी भाजी बाहेर डोकावली, पण दुमडलं!

बायकोनं घास घेतला. दुसरा घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. झटका आल्यापासून ती त्यांची एकही चूक दाखवत नव्हती. भांडायला कुणी नाही म्हणून ते आतल्या आत सुकत चालले होते.

"मीठ बरोबर आहे. तुझ्या जिभेलाच चव नाही!"

"वा! चूक तुमची आणि दोष माझ्या जिभेला?"

"पस्तीस वर्षं तुझी खारट आमटी खाल्ली, तेव्हा मी बोललो का?"

"रोज बोललात!"

दोघंही खो खो हसत सुटले. हसताहसता तिची बस चुकली. तरी ती उठली नाही. मीठ भुरभुरवून तिनं ताटली चाटूनपुसून साफ केली, पिशवी उचलली आणि दारातून ओरडली, "उद्या मिरची जास्त घाला!"

मिस्त्रींनी तव्यात पाहिलं. त्यांच्या वाटचंही तिनंच संपवलं होतं. त्यांनी फळी पुढे ओढली आणि आणखी एक कांदा खिळ्यांवर खोचला.