आपोआप लागणारं दार

धुरानं काळवंडलेलं सागवानी दार आणि त्यावर नवंकोरं, पिवळंधमक पितळी कुलूप… आसगावच्या आमच्या घराची आठवण निघाली की आधी हेच डोळ्यांपुढे उभं राहतं. त्या दाराला ओव्याचा, खोबरेल तेलाचा आणि ओल्या लाकडाचा मिळून एक वास होता. श्रावणात लाकूड फुगलं की तो दाट व्हायचा आणि ओसरीवर वाळत घातलेल्या पोत्यांच्या, भाताच्या बांधीतून पायांबरोबर घरात आलेल्या चिखलाच्या वासात मिसळून जायचा.

मुलांनो, परवा फोनवर तुमच्यापैकी एकीनं हसत हसत सांगितलं – कचरा टाकायला बाहेर गेले, मागं दार लागलं, किल्ली आत आणि शेगडीवर दूध. सगळे हसलात. मला हसता आलं नाही. ते का, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

माझी शेवंता आत्या पहिल्या बाळंतपणाला लाखांदूरकडच्या सासरहून आमच्याकडे आली होती. मधल्या खोलीत तिची खाट टाकली होती. त्या खोलीच्या दाराची साखळी सैल झालेली. कुत्री, वासरं खुशाल दार लोटून आत यायची. माझे वडील पवनीला कचेरीत कारकून. व्यवस्थितपणाचा त्यांना फार सोस – तो माझ्यातही उतरला आहे. त्यांनी नागपूरहून ते कुलूप मागवलं आणि सुतार बोलावून बसवून घेतलं. दार ओढलं की ते आपोआप लागे. आतून मूठ फिरवली की उघडे, बाहेरून मात्र किल्लीच लागे.

आजीनं कमरेवर हात ठेवून ते पाहिलं. “घरात सोन्याचा मणी नाही, अन् दाराले पितळेची नथ!”

“माय, आता कुत्रं काय अन् वारा काय, कोणीच दार लोटू शकत नाही,” वडील म्हणाले.

“अन् मीच बाहेर राहिली तं?”

“आत कोणी ना कोणी राहतेच ना. अन् किल्ली आहे.”

किल्ल्या दोन होत्या. एक वडिलांच्या खिशात रोज एसटीनं पवनीला जायची. दुसरी हरवू नये म्हणून त्याच खोलीत, आतल्या खुंटीला अडकवलेली – जागच्या जागी.

आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नसत. झरोक्यांत चिंध्या कोंबायच्या, न्हाणं झालं की तिला खाटेवर निजवायचं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, निखाऱ्यांवर ओवा टाकायचा… आणि बाहेर पडणाऱ्यानं दार ओढून घ्यायचं. हे कुणाला सांगावं लागत नसे. ते हाताच्या हाडांत मुरलेलं होतं. एरवी आजी बाहेर गेली तर माझी आई आत बसलेली असे, हाक आली की मूठ फिरवून दार उघडी. पण त्या दिवशी भाताच्या रोवण्याला बाया कमी पडल्या होत्या आणि आई काकांबरोबर बांधीत गेली होती.

आजीनं आत्याला न्हाऊ घातलं, शेक दिला, बाळाला तेल चोळून उंबऱ्यापाशी सुपात ठेवलं – तिथं दाराखालच्या फटीतून जरा उजेड यायचा म्हणून. मग काढा उतरवायला ती बाहेर आली आणि सवयीनं दार ओढून घेतलं. खट्‌ असा एक लहानसा आवाज झाला.

मी ओसरीवर चिंचोके खेळत होते. आजी काढ्याचा गडवा घेऊन परतली, दाराशी थांबली.

“शेवंते, उघड वं दार.”

आतून काही नाही.

“शेवंते! काहून बोलत नाहीस वं? मूठ फिरव ना माय!”

ती दाराला कान लावून उभी राहिली. मग तिचा चेहरा बदलला आणि ती माझ्यावर ओरडली, “धाव वं पोरी, बांधीत जा, काकाले बोलाव!”

मी शेताच्या धुऱ्यावरून धावले, घसरले, पुन्हा धावले. पऱ्ह्यांच्या, म्हणजे भातरोपांच्या, जुड्या चिखलात टाकून सगळे निघाले. काकांनी लोखंडी सब्बल घातली, पण फुगलेलं सागवान हलेना. शेवटी ते छपरावर चढले, कवेलू काढले आणि आत उतरले. मग दार आतून उघडलं – मूठ फिरवून, किती सहज.

बाळ सुपात निपचित होतं. अंगणात आणल्यावर बऱ्याच वेळानं रडलं. आत्या खाटेवर होती. तिचा एक हात खाली लोंबत होता, गाल लालसर, जणू गाढ झोपेत… ती उठली नाही.

गावात म्हणाले, वारा लागला. वडिलांनी कचेरीतून आल्या आल्या कुलूप उचकटून काढलं. पुढं कॉलेजात, एका इंग्रजी पुस्तकात, कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या त्या वायूबद्दल मी वाचलं – त्याला वास नसतो, रंग नसतो. पुस्तक मिटून मी वसतिगृहाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

म्हणून सांगते. दार ओढण्याआधी किल्ली हातात आहे हे पाहा. दुसरी किल्ली घरात नको, शेजारी विश्वासाच्या माणसाकडे द्या. चूल पेटती ठेवून, मूल आत ठेवून क्षणभरही दाराबाहेर जाऊ नका. आणि बंद खोलीत विस्तव कधीच नको.

ते बाळ म्हणजे तुमची सुमाआजी. माझ्या आईनं तिला वाढवलं. कळती झाल्यावर एकदा तांदूळ निवडताना सुमानं आमच्या आजीला विचारलं, “माय झोपेतच गेली ना?”

“हो वं बाई, झोपेतच,” आजी म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून उठून गेली. पाठोपाठ मी गेले. ती आईजवळ उभी होती, अगदी हळू बोलत होती.

“मी दाराले कान लावला तवा खाट करकरली होती वं. मी आयकलं. ती उठाले पाहत होती.”

आजी गेली, आईही गेली. सुमा आता सत्तरीला टेकली आहे. नव्या माणसाला ओळख देताना ती अजून सांगते की आपली माय झोपेतच गेली, तिला काही कळलंच नाही… मी समोर असले तर माझ्याकडे बघते.

मी मान डोलावते.