निळ्या साळिंदराची सुट्टी

बऱ्हाणपूरच्या बाजारात लहान मुलांच्या तयार कपड्यांचं एक दुकान होतं. त्याच्या पायरीजवळ ती गाडी ठेवलेली असे. पोलिसांच्या गस्ती मोटारीसारखी, टपावर लाल दिवा, आत स्टिअरिंग आणि एक छोटा पडदा. चालकाच्या जागी टीव्हीवरच्या खेळातला तो जगभर माहीत असलेला निळा प्राणी बसलेला: डोक्यावर मागे वळलेले काटे, हातांत पांढरे मोजे, पायांत लाल बूट. त्याच्या शेजारी एका मुलापुरती जागा. नाणं टाकलं की गाडी मागेपुढे हलायची, सायरन वाजायचा आणि तो प्राणी परदेशी भाषेत काहीतरी ओरडायचा. दुकानदाराच्या मते ती जपानी होती. बाजारात सगळे त्याला साळिंदर म्हणत. इंदूरमधलं एक गेम पार्लर बंद पडलं तेव्हा दुकानदाराने ही गाडी उचलून आणली होती. बाहेरच्या देशांतला माल तेव्हा आमच्या गावात येऊ लागला होता. त्याच काळात वीजकपातही सुरू झाली होती. गाडी धड आणि वीज हजर, असे प्रसंग थोडे.

माझ्या मुलाला, तो पाच वर्षांचा असताना, बहादरपूरला मामाच्या केळीच्या बागेत कुत्रं चावलं. इंजेक्शनं सुरू झाली. पहिलं चौघांनी धरून द्यावं लागलं. दुसऱ्याच्या आधी मी त्याला शब्द दिला: सुई घेतलीस तर साळिंदराच्या गाडीत बसवीन. त्याने न रडता सुई घेतली. आम्ही दुकानावर गेलो, तर लाईट नव्हती. पुढच्या वेळी लाईट होती, पण कुणाचं तरी नाणं आत अडकलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा लाईट नव्हती. दुकानदार दर वेळी एकच वाक्य म्हणायचा, "आत्ता तर चालू होती, भाऊसाहेब."

शेवटच्या इंजेक्शनच्या सकाळी मुलाने अट बदलली. "आधी गाडी, मग सुई." हे इंजेक्शन चुकवू नका, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. शिवाय माझ्या शब्दाची किंमत घरात किती उरली होती, ते मला दिसत होतं. मी त्याला आधी बाजारात नेलं.

दुकानात बल्ब जळत होते. गाडीला झेंडूचा हार घातलेला होता. स्टिअरिंगवर कुंकू, साळिंदराच्या कपाळावर हळद, नाणं टाकायच्या फटीवर अक्षता. खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात आणि चालवत नाहीत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आज त्याची छुट्टी आहे," दुकानदार म्हणाला.

"अहो, हे खेळणं आहे."

"मशीन आहे, भाऊसाहेब. मोटर आहे ना त्याच्यात."

दुकानदाराची म्हातारी आई गल्ल्यामागे फुलं निवडत बसली होती. ती म्हणाली, "सालभर राबतं बिचारं. एक दिवस तर बसू द्या."

"मावशी, सालभर ते बंदच असतं."

"मग आज बंद राहिलं तर तुमचं काय बिघडलं?"

मुलगा हे सगळं ऐकत होता. त्याने मला विचारलं, "आज मशीनला सुट्टी असते?"

"असते."

"मग सुईलापण."

"पोरगं बराबर बोलू राहिलं," दुकानदार हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

दवाखान्यात पाऊल टाकलं तर टेबलावर स्टेथोस्कोपला झेंडूचं फूल लावलेलं आणि कात्र्यांच्या ट्रेला कुंकवाची बोटं. मुलगा तिथेच फरशीवर बसला. "पूजा झाली. आज चालत नाही." मी जंतूंविषयी, कुत्र्याविषयी बोलायला लागलो. डॉक्टरांनी मला हातानेच थांबवलं. ते याच गावचे. त्यांनी कपाट उघडून सीलबंद पाकीट काढलं आणि मुलापुढे धरलं.

"ही नवी आहे. हिची पूजा अजून व्हायचीय. बघ, कुठे कुंकू दिसतं का?"

मुलाने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. मग दंड पुढे केला.

मी त्याला घेऊन तडक दुकानावर परत गेलो. "डॉक्टरांनीसुद्धा आज सुई चालवली," मी सांगितलं.

"नवी काढली असेल," म्हातारी मान वर न करता म्हणाली. "तुम्ही पण नवं साळिंदर आणा."

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो. मुलाने आधी साळिंदराच्या पांढऱ्या मोज्यात आपट्याचं पान खोचलं, मग तो शेजारी बसला. मी नाणं टाकलं. दिवा फिरला, सायरन वाजला, साळिंदर ओरडलं, गाडी पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. आणि लाईट गेली. ओळीतली सगळी दुकानं एकदम काळी झाली.

"आत्ता तर चालू होती," दुकानदार अंधारातून म्हणाला.

"चल, उतर," मी मुलाला म्हणालो.

"अजून संपलं नाही." त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं होतं. गाडी पुढे झुकलेल्या अवस्थेत थांबली होती आणि तोही तसाच झुकून बसला होता.

"लाईट कधी येणार?" मी दुकानदाराला विचारलं.

"जेवणवेळेपर्यंत यायला पाहिजे. सणाचा दिवस आहे."

सणाच्या दिवसाचा वीज मंडळाशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. म्हातारीने आतून एक स्टूल आणून माझ्याजवळ ठेवलं. "बसा. शब्द तुम्हीच दिला ना त्याला?"

मी बसलो.